स्वर, भावना आणि प्राध्यापक हान्सलिक

गाणें ऐकून डोळ्यांत पाणी आलें म्हणजे तें गाणें उत्तम, अशी बहुतेकांची सरळ समजूत असते. बैठकीहून परतणाऱ्या रसिकाला 'आज गाणें कसें काय झालें?' असें विचारावें, तर तो स्वरांविषयीं फारसें बोलत नाहीं. 'जीव अगदीं गहिंवरून गेला', 'अंगावर रोमांच उभे राहिले', असेंच कांहीं तरी सांगतो. त्याच्या उत्तरांत गाण्याचें वर्णन कमी व स्वतःचें अधिक असतें, ही गोष्ट त्याच्या लक्षांतही येत नाहीं. ती लक्षांत आणून देण्याचें काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका ऑस्ट्रियन गृहस्थानें केलें, आणि त्याबद्दल अरसिक, शुष्क, हृदयशून्य अशीं विशेषणें त्याच्या वांट्यास आलीं. या गृहस्थाचें नांव एडुआर्ड हान्सलिक. संगीताचा तत्त्वज्ञ, विद्यापीठांतील प्राध्यापक आणि वृत्तपत्रांतील टीकाकार या तिन्ही नात्यांनीं तो व्हिएन्ना शहरांत सुमारें चाळीस वर्षें वावरला. तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या. पण त्या एकमेकींशीं नेहमींच सुखानें नांदल्या असें मात्र नाहीं.

हान्सलिकचा जन्म ११ सप्टेंबर १८२५ रोजीं प्राग येथें झाला. प्राग ही आज चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. त्या काळीं ती ऑस्ट्रियन साम्राज्यांतील एक नगरी होती, व हान्सलिकच्या घरची भाषा जर्मन होती. वडील विद्याव्यासंगी, ग्रंथांत रमणारे. त्यांनीं मुलांना घरींच शिकविलें आणि पियानोचे पहिले धडेही स्वतःच दिले. आई एका ज्यू व्यापाऱ्याची कन्या. अठराव्या वर्षाच्या सुमारास प्रागमधील नामांकित संगीतगुरु टोमाशेक याच्यापाशीं त्याचें पद्धतशीर शिक्षण सुरू झालें. परंतु पोटापाण्याची विद्या म्हणून त्यानें निवडला तो कायदा. १८४९ सालीं व्हिएन्ना येथें कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळवून तो सरकारी नोकरींत शिरला; कांहीं काळ क्लागेनफुर्ट या दूरच्या प्रांतिक शहरीं काढून राजधानींत परत आला, आणि प्रथम अर्थखात्यांत व मागाहून शिक्षणखात्यांत काम करूं लागला. दिवसा दप्तर आणि रात्रीं जलसे, असा त्याचा क्रम होता. वर्तमानपत्रांत संगीताविषयीं लिहिण्याची संवय तर त्याला विद्यार्थिदशेंतच लागली होती.

त्या विद्यार्थिदशेंतली एक गोष्ट पुढील कथेसाठीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८४५ सालीं मारिएनबाड येथें त्याची रिचर्ड वाग्नरशीं गांठ पडली. पुढच्याच वर्षीं वाग्नरचें 'टान्हॉयझर' हें संगीत नाटक ड्रेस्डेन येथें ऐकून या एकवीस वर्षांच्या तरुणानें व्हिएन्नाच्या एका संगीतविषयक पत्रांत त्याची विस्तारानें व मुक्तकंठानें स्तुति केली. वाग्नरनें १८४७ च्या आरंभीं त्याला एक प्रदीर्घ पत्र लिहिलें. ज्या दोन नांवांचा एकत्र उच्चार झाला कीं पुढें लोकांना भांडणाचीच आठवण होऊं लागली, त्यांच्या परिचयाचा आरंभ हा असा स्नेहाचा आहे.

१८५४ सालीं लाइप्झिग येथें हान्सलिकचें एक छोटेखानी पुस्तक निघालें. त्याच्या जर्मन नांवाचा अर्थ 'संगीतांतील सौंदर्याविषयीं' असा आहे. लेखकानें त्या वेळीं तिशीही गांठली नव्हती. संगीतावर लिहिणारे बहुतेक पंडित तेव्हां दोन गोष्टी गृहीत धरीत: एक, संगीताचा हेतु भावना जागृत करणें हा आहे; आणि दुसरी, संगीताचा आशय म्हणजे भावनाच होत. हान्सलिकनें दोन्ही नाकारल्या. संगीत ऐकून भावना जाग्या होतात ही गोष्ट मात्र त्यानें नाकारली नाहीं. हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे, कारण त्याच्यावर तुटून पडणाऱ्या बहुतेकांनीं एवढें वाक्य वाचण्याची तसदी घेतलेली दिसत नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, सोडतींत बक्षीस लागल्याची वार्ता ऐकूनही मन उचंबळतें; मग मन उचंबळणें ही सौंदर्याची खूण कशी मानावयाची?

त्याचा मुख्य मुद्दा याहून खोल आहे. भावना ही नुसती मनाची खळबळ नव्हे. तिच्या पोटांत नेहमीं एखादी कल्पना, एखादा विचार असतो. आशा म्हणजे पुढें येणाऱ्या सुखाची कल्पना; विषाद म्हणजे गेलेल्या सुखाची आजच्या स्थितीशीं केलेली तुलना; भीति म्हणजे संकटाची जाणीव. हा विचार काढून घेतला कीं आशा, विषाद, भीति यांचें वेगळेपण उरत नाहीं. उरते ती केवळ एक हालचाल. संगीताजवळ शब्द नाहींत, तेव्हां विचारही नाहींत. म्हणून अमुक एक भावना दाखविणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. मग संगीत दाखवितें काय? तर चढणें आणि उतरणें, वेग घेणें आणि मंदावणें, बळावणें आणि विरणें. प्रेम हळुवार असेल किंवा वादळी असेल. संगीत हळुवारपणा दाखवूं शकेल, वादळही दाखवूं शकेल. परंतु हळुवारपणा व वादळ हीं प्रेमाचीं विशेषणें झालीं, प्रेम नव्हे. कायदा शिकलेल्या माणसाचा हा युक्तिवाद आहे. साक्षीदारानें काय पाहिलें आणि काय तर्कानें जोडलें हें वेगळें काढण्याची त्याची हातोटी पानोपानीं दिसते.

उदाहरणेंही त्यानें मोठ्या मार्मिकपणें निवडलीं आहेत. ग्लुक या संगीतकाराचें 'ऑर्फेओ' हें नाटक व्हिएन्ना येथें १७६२ सालीं प्रथम झालें. त्यांत पत्नीला कायमचा अंतरलेला नायक विलाप करतो. त्या पदानें पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांना रडविलें आहे. हान्सलिक विचारतो, ह्याच चालीवर 'माझी प्रिया मला परत मिळाली' असे शब्द बसविले असते, तर ती चाल तितकीच, किंबहुना अधिक, शोभली नसती काय? हॅन्डेलच्या 'मसाया'चा दाखला तर याहून बोलका आहे. १७४२ सालीं डब्लिन येथें प्रथम सादर झालेल्या या धार्मिक कृतींतील कांहीं वृंदगानांच्या चाली त्याच संगीतकारानें पूर्वीं इटालियन शृंगारगीतांसाठीं रचिल्या होत्या. प्रियकराच्या रुसव्यासाठीं केलेली चाल बाळ येशूच्या जन्माच्या आनंदाला लाविली, आणि शेंकडों वर्षें भाविकांना तींत भक्तिच ऐकूं आली.

मराठी श्रोत्याला ह्या दाखल्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. खाडिलकरांचें 'स्वयंवर' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां भास्करबुवा बखले यांनीं कित्येक पदांच्या चाली उस्तादी बैठकींतल्या प्रचलित चिजांवरून बेतल्या. मूळ चिजेंत कोण कोणाला काय म्हणतें याची चौकशी कोणी केली नाहीं; रुक्मिणीच्या मुखांत ते स्वर जणूं तिच्यासाठींच जन्मले होते असे बसले. एकाच भैरवींत विरहाची ठुमरीही होते आणि अभंगही होतो. आणि तराणा? त्यांत तर अर्थाचा पत्ताच नसतो, तरी जाणकाराची मान डोलल्यावांचून राहत नाहीं. उलट पक्षीं, आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रापासून अमुक स्वर अमुक रसाला, असा हिशेब सांगितलेला आहे: मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला. हान्सलिकनें हा हिशेब पाहिला असता तर आपल्या लेखणीला धार लाविली असती. परंतु भरताला नाटकाचें संगीत बांधावयाचें होतें, आणि हान्सलिकच्या दृष्टीपुढें होतें तें शब्दरहित वाद्यसंगीत; हा भेद विसरून दोघांची झुंज लावणें म्हणजे दोघांवरही अन्याय होय.

मग संगीताचा आशय तरी काय? हान्सलिकचें उत्तर असें कीं, नादांतून हालत जाणाऱ्या आकृति, हाच संगीताचा आशय. दगडाच्या कोरीव जाळीवरची वेलबुट्टी आपल्या डोळ्यांदेखत जिवंत होऊन वाढूं लागली, एक रेषा दुसरीला भेटली, निसटली, पुन्हां येऊन मिळाली, तर जसें वाटेल तसें संगीताचें आहे. लहान मुलांच्या शोभादर्शकांत कांचेच्या तुकड्यांच्या ज्या नानाविध आकृति दिसतात त्यांचीही उपमा तो देतो, पण लागलीच सांवरून घेतो: तेथें कांचेचे तुकडे आपोआप पडतात, येथें एक प्रतिभावान मन स्वर रचीत असतें, आणि ऐकणाऱ्याचें मन त्या रचनेचा माग काढीत असतें. म्हणून आकृति म्हणजे पोकळ सांचा नव्हे. तिच्यांत बुद्धि ओतलेली आहे.

याच अनुषंगानें त्यानें ऐकण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एकींत माणूस आसनावर रेलून अर्धवट डोळे मिटतो आणि स्वरांच्या लाटांवर अंग सोडून देतो. त्याला सिंफनीपासून जें सुख होतें, तेंच उंची चिरुटापासून किंवा ऊन पाण्याच्या स्नानापासूनही झालें असतें. दुसरींत माणूस जागा असतो. पुढें काय येणार याचा अंदाज बांधतो, तो खरा ठरला तर सुखावतो, खोटा ठरला तर चकित होतो. सौंदर्याचा आस्वाद तो हा. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या श्रोत्याला ही दुसरी तऱ्हा कोणी शिकवावयास नको.

पहिल्या आवृत्तीच्या अखेरीस हान्सलिकनें संगीताचा संबंध अखिल विश्वाच्या गतीशीं जोडणारा एक उदात्त परिच्छेद घातला होता. त्याचा प्रागमधला स्नेही, तत्त्वज्ञ रोबर्ट त्सिमरमान, यानें पुस्तकाचें परीक्षण लिहितांना त्यावर बोट ठेविलें: सारें पुस्तकभर जें बाहेरचें म्हणून हांकलून दिलें, तेंच शेवटच्या पानावर मागच्या दारानें आंत घेतलें कीं काय? पुढील आवृत्तींतून तो मजकूर गळाला. मित्राची टीका मुकाट्यानें मान्य करून आपलें सर्वांत सुंदर पान फाडून टाकणारा लेखक विरळा.

या पुस्तकानें त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १८४८ च्या क्रांतीनंतर ऑस्ट्रियांतील विद्यापीठांची पुनर्रचना चालली होती. शिक्षणमंत्री काउंट लेओ थुन याच्या अमदानींत हेगेलच्या भराऱ्यांपेक्षां हेर्बार्टच्या काटेकोर, वस्तुनिष्ठ तत्त्वज्ञानाला राजाश्रय होता, आणि हान्सलिकचें पुस्तक त्या वाऱ्याच्या दिशेनेंच तोंड करून होतें. तो स्वतः त्याच खात्यांत नोकरीस होता, हेंही विसरूं नये. तथापि केवळ संधि साधली म्हणून त्याला जागा मिळाली असें म्हणणें क्षुद्रपणाचें होईल. १८५६ सालीं हें पुस्तक प्रबंध म्हणून मान्य होऊन त्याला व्हिएन्ना विद्यापीठांत संगीताचा इतिहास व सौंदर्यशास्त्र या विषयांवर व्याख्यानें देण्याचा अधिकार मिळाला. अशा अध्यापकाला वेतन नसे. १८६१ सालीं तो प्राध्यापक झाला व १८७० सालीं त्याला पूर्ण प्राध्यापकपद मिळालें. संगीत ही पंडितांनीं विद्यापीठाच्या दालनांत बसून चर्चा करावी अशी गोष्ट आहे, ही कल्पनाच तेव्हां नवी होती; युरोपांतील अशा आरंभींच्या पदांपैकीं हें एक होय. व्याख्यानांत तो स्वतः पियानोवर उदाहरणें वाजवून दाखवी. विद्यार्थ्यांखेरीज नगरांतील स्त्रीपुरुषांसाठींही त्यानें व्याख्यानमाला चालविल्या, व त्यांना गर्दी लोटे.

आतां येथें एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या विषयानें त्याला प्राध्यापक केलें, तो विषय त्यानें जवळजवळ सोडून दिला. तें छोटें पुस्तक म्हणजे मोठ्या सौंदर्यशास्त्राची प्रस्तावना, असा त्याचा मूळ संकल्प होता. मोठा ग्रंथ कधींच लिहिला गेला नाहीं. सौंदर्यशास्त्राचे जाडजाड ग्रंथ वाचून वाचून कंटाळा आला, आणि इतिहासाच्या पक्क्या ज्ञानावांचून संगीताचें सौंदर्यशास्त्र उभेंच राहूं शकत नाहीं अशी खात्री झाली, असें कारण त्यानें आपल्या आत्मचरित्रांत दिलें आहे. १८६९ सालीं त्यानें व्हिएन्नांतील जलशांचा इतिहास लिहिला. तो आजही उपयोगी आहे. परंतु त्याचा पुष्कळसा वेळ व बहुतेक सारी कीर्ति वृत्तपत्राकडे गेली. १८५५ पासून 'दी प्रेस' या पत्रांत, आणि १८६४ पासून 'नॉये फ्राये प्रेस' या साम्राज्यांतील अग्रगण्य दैनिकांत, त्याचे लेख येत. संगीतकार ते वाचीत आणि कांहीं जणांची झोंप उडे.

वाग्नरचा भक्त तो फार दिवस राहिला नाहीं. संगीत हें नाट्याचें दास व्हावें, स्वरांच्या अखंड प्रवाहांत रेखीव आकृति बुडून जावी, हें त्याच्या तत्त्वाला मानवणारें नव्हतेंच. मतभेद वाढले, आणि वाग्नर हा मतभेद विसरणारा मनुष्य नव्हता. 'दी माइस्टरझिंगर' या त्याच्या नाटकांत बेकमेसर नांवाचा एक परीक्षक आहे. उमेदवार गात असतां तो आडोशाला बसून प्रत्येक चुकीसरशी पाटीवर खडूची रेघ ओढतो, आणि स्वतः गाण्याची वेळ आली कीं फजीत पावतो. १८६१ सालच्या एका मसुद्यांत ह्या पात्राचें नांव चक्क 'फाइट हान्सलिख' असें होतें. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत व्हिएन्नांतील एका स्नेह्याच्या घरीं वाग्नरनें ह्या नाटकाची संहिता मंडळींना वाचून दाखविली, आणि ऐकणाऱ्यांत खुद्द हान्सलिक बसला होता! वाचन पुढें सरकूं लागलें तसा त्याचा चेहरा पडत गेला, असें वाग्नरनें मोठ्या चवीनें लिहून ठेविलें आहे. नाटक १८६८ सालीं म्युनिक येथें रंगभूमीवर आलें. १८६९ सालीं तर वाग्नरनें ज्यूंच्या संगीतावरील आपला जुना विषारी लेख स्वतःच्या नांवानें पुन्हां छापला व त्यांत हान्सलिकच्या कुळाचा उद्धार केला. हान्सलिकनें उत्तर दिलें कीं, आपले वडील व त्यांचे सारे पूर्वज कट्टर कॅथलिक शेतकरी होते. त्या उत्तरांत आईचा उल्लेख नाहीं. येथें त्या धीट तर्कशास्त्र्याची लेखणी अडखळली, आणि वाग्नरसारख्यांनीं त्या समाजांत कसलें वारें सोडलें होतें हें त्या एका मौनावरून कळतें.

ब्राम्सची बाजू त्यानें उचलून धरली, हें सर्वश्रुत आहे. ब्राम्सनें आपल्या पियानोवरील वॉल्ट्झ-रचना त्याला अर्पण केल्या, व दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. यांतली गंमत अशी कीं, १८५६ सालीं, म्हणजे ओळख दृढ होण्यापूर्वीं, ब्राम्सनें क्लारा शूमान हिला लिहिलेल्या एका पत्रांत ह्याच पुस्तकाविषयीं लिहिलें आहे कीं, चाळतांनाच त्यांत इतका मूर्खपणा आढळला कीं आपण तें बाजूस ठेवून दिलें.

सर्वांत अधिक वाईट वाटतें तें आन्टोन ब्रुकनरच्या प्रकरणाचें. ब्रुकनर हा अप्पर ऑस्ट्रियांतील एका खेडेगांवच्या शाळामास्तरचा मुलगा. तो स्वतःही खेड्यांत मदतनीस शिक्षक होता, पुढें लिंट्झच्या देवळांत ऑर्गन वाजवीत असे, आणि १८६८ सालीं व्हिएन्नाच्या संगीतशाळेंत अध्यापक म्हणून आला. वेष गबाळा, बोलणें गांवठी, स्वभाव भाविक. आणि हातून निर्माण होत होत्या त्या डोंगराएवढ्या सिंफन्या. विद्यापीठांतही स्वरमेळ व रचनाशास्त्र शिकविण्याची जागा मिळावी म्हणून त्यानें अर्ज केले. अभिप्राय देणारा प्राध्यापक हान्सलिक. रचना करावयास शिकविणें हें विद्यापीठाचें काम नव्हे, शिवाय अर्जदाराजवळ शास्त्रीय पूर्वतयारी नाहीं, अशा आशयाचा अभिप्राय देऊन त्यानें विरोध केला. नियमाच्या दृष्टीनें पाहतां ह्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. नियमावर बोट ठेवणाऱ्याच्या म्हणण्यांत तथ्य नेहमींच असतें. अखेरीस १८७५ सालीं ब्रुकनरला तेथें विनावेतन जागा मिळाली. वाग्नरला अर्पण केलेली आपली तिसरी सिंफनी त्यानें १६ डिसेंबर १८७७ रोजीं स्वतः सादर केली, तेव्हां श्रोते मधूनच उठून जाऊं लागले आणि शेवटीं मूठभर तरुण उरले. त्या दिवसाचा सारा दोष हान्सलिकच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. वृंद नाखूष होता, आणि ब्रुकनर कांहीं निष्णात वृंदनेता नव्हे. पण त्यापुढें वर्षानुवर्षें त्या भित्र्या जिवाला सर्वांत अधिक धास्ती वाटे ती त्याच एका लेखणीची. सम्राट फ्रान्स योसेफनें 'तुला काय हवें?' असें विचारलें असतां, हान्सलिकचें लिहिणें बंद करतां येईल काय, असें त्यानें विचारलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा खोटी. ती रचली गेली यांतच पुष्कळ आलें. १८९१ सालीं व्हिएन्ना विद्यापीठानें या 'पूर्वतयारी नसलेल्या' मास्तराला सन्मान्य डॉक्टर केलें. पुढील वर्षीं डिसेंबरांत हान्स रिश्टरनें त्याची आठवी सिंफनी सादर केली. श्रोत्यांनीं टाळ्यांचा गजर केला, आणि हान्सलिक मात्र शेवटचा भाग सुरू होण्यापूर्वींच उठून गेला होता.

त्याच्या तत्त्वाची खरी कसोटी अशा लेखांतच लागते. १८८१ सालीं चायकोव्स्कीच्या व्हायोलिन-रचनेचा पहिला प्रयोग व्हिएन्नांत झाला. हान्सलिकनें लिहिलें कीं, संगीताला दुर्गंधि येऊं शकते हें ही रचना ऐकून प्रथमच मनांत आलें. तें परीक्षण चायकोव्स्कीला मरेपर्यंत मुखोद्गत होतें असें सांगतात. आतां 'संगीतांतील सौंदर्याविषयीं' लिहिणाऱ्या तरुण हान्सलिकनें हें वाक्य वाचलें असतें, तर तो काय म्हणाला असता? तो म्हणाला असता कीं, यांत रचनेचें वर्णन नाहीं, टीकाकाराच्या नाकाचें आहे. कोणती आकृति कोठें बिघडली, कोणत्या स्वराची कोणाशीं गांठ पडावयास हवी होती, हें सांगणें अवघड. आपल्याला किळस आली हें सांगणें सोपें, आणि सकाळच्या वर्तमानपत्रांत तेंच अधिक वाचलें जातें. ज्यानें श्रोत्यांना भावनेच्या न्यायासनावरून खालीं उतरविलें, तो स्वतः किती वेळां त्या आसनावर जाऊन बसला! ही विसंगति त्याच्या निंदकांनीं दाखविली तितकी सर्वत्र नाहीं, कारण त्याचे पुष्कळ लेख सूक्ष्म व समतोल आहेत, आणि बायरॉइट येथें १८७६ सालीं वाग्नरच्या महोत्सवास जाऊन लिहिलेल्या वृत्तांतांतही गुणांचा उल्लेख करण्यास तो चुकला नाहीं. पण विसंगति आहे ती आहे.

पुस्तक मात्र टीकाकारापेक्षां दीर्घायुषी ठरलें. लेखकाच्या हयातींत त्याच्या दहा आवृत्त्या निघाल्या. १८९१ सालीं इंग्रजी भाषांतर झालें. १९४२ सालीं सुझन लँगर या अमेरिकन विदुषीनें, संगीत भावना दाखवीत नसलें तरी भावनांची घडण दाखवितें, असा सिद्धान्त मांडला; चढ-उतार आणि वेग-मंदत्व याविषयींच्या हान्सलिकच्या पानांतूनच ती वाट निघते. पीटर किव्ही या दुसऱ्या अमेरिकन प्राध्यापकानें १९८० सालीं एक मजेदार दृष्टान्त दिला: सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचा चेहरा उदास दिसतो, पण म्हणून तो कुत्रा उदास असतो असें नाहीं, स्वरांची करुणता ही अशीच दिसण्यांतली करुणता आहे. मराठींत बा. सी. मर्ढेकरांनीं नभोवाणीची नोकरी संभाळून जो लयसिद्धान्त मांडला, आणि १९५५ सालीं 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथांत संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांवर कलेचें सौंदर्य उभें केलें, त्याची जातकुळी हीच. १९७४ सालच्या 'सौंदर्यमीमांसे'त रा. भा. पाटणकरांनीं मर्ढेकरांच्या सिद्धान्ताची जी कसून छाननी केली आहे, ती वाचणाराला हान्सलिकवरचे बरेचसे आक्षेप ओळखीचे वाटतील. अंगाईगीत ऐकून रणगीत ऐकल्यासारखें कधींच कां वाटत नाहीं, ह्या साध्या प्रश्नाचें पुरतें उत्तर हान्सलिकपाशीं नाहीं. हालचाल सारखी असली तरी सर्व भावना तिला सारख्याच शोभत नाहींत, आणि ही निवड कोण करतें हें त्यानें सांगितलें नाहीं.

१८९४ सालीं त्यानें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, १८९५ सालीं तो सेवानिवृत्त झाला. वाग्नर १८८३ सालींच गेला होता. ब्रुकनर १८९६ सालीं व ब्राम्स १८९७ सालीं गेला. ज्यांच्यासाठीं व ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालविली, ते सारे डोळ्यांदेखत गेल्यावर हान्सलिक ६ ऑगस्ट १९०४ रोजीं व्हिएन्नाजवळील बाडेन येथें वारला. विद्यापीठांतील त्याची जागा १८९८ सालीं गुइडो ॲडलर याला मिळाली. संगीतशास्त्राला रीतसर अभ्यासशाखेचें रूप देण्याचें पुष्कळसें श्रेय या ॲडलरला देतात. विद्यापीठांत तो हान्सलिकचा विद्यार्थी होता. तारुण्यांत वाग्नरच्या भक्तमंडळाच्या संस्थापकांपैकीं एक होता. आणि त्याही आधीं, संगीतशाळेंत, त्यानें संगीतरचनेचे धडे घेतले होते ते आन्टोन ब्रुकनरपाशीं.